पान केव्हां मांडावयाचें?

आमच्या त्र्यंबकेश्वरीं दुपारचें जेवण किती वाजतां होतें, असें कोणी विचारिलें तर सरळ उत्तर देणें कठीण आहे. नाशिक येथून अवघें तीसएक किलोमीटर. परंतु तेथील आमच्या आप्तांच्या घरीं एकाचा ठोका पडला कीं पानें मांडलीं जातात, आणि आमच्याकडे मात्र आधीं चौकशी करावी लागते कीं, आज यजमान कोण आले आहेत, कोणत्या विधीला बसले आहेत आणि उठणार केव्हां? तीर्थोपाध्येपण करणाऱ्या घराचा स्वयंपाक हा असा दुसऱ्याच्या संकल्पाला बांधलेला असतो. जेवणाला ठरलेली वेळ असावी, कीं ज्याला जेव्हां सोयीचें तेव्हां त्यानें जेवावें, हा प्रश्न पुष्कळ घरांतून रोज निघत असेल आणि रोज भांड्यांच्या आवाजांत बुडून जात असेल. आमच्याकडे तो यंदा एका निराळ्याच निमित्तानें निघाला. तें निमित्त सांगण्यापूर्वीं घरची रीत थोड्या विस्तारानें सांगणें भाग आहे.

मी या घरांत चौतीस वर्षांपूर्वीं पुण्याहून आलें. माझे वडील कचेरींत नोकरीला होते. माहेरीं सकाळीं पावणेदहाला गरम वरणभात आणि रात्रीं साडेआठला जेवण, यांत कधीं दहा मिनिटांचाहि फरक झालेला मला आठवत नाहीं. शहरांतील मध्यम स्थितीच्या घरांना ही शिस्त शास्त्रानें लाविलेली नाहीं; ती कचेरीनें, गिरणीच्या भोंग्यानें आणि आगगाडीनें लाविली. मुंबईंत १८९० च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनीं जेवणाचे डबे पोंचविण्याचा जो उद्योग सुरू केला, तो फोफावला याचें कारण हेंच कीं, हजारों माणसांनीं एकाच वेळीं जेवावें अशी व्यवस्था त्या शहरानें आधींच करून ठेविली होती. आणि घड्याळाचा हा अंमल तरी किती अलीकडचा! १ जानेवारी १९०६ पासून देशाला एकच प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईकरांनीं ती मनापासून मानिली नाहीं. तिच्या एकूणचाळीस मिनिटें मागें चालणारी आपली मुंबईची वेळ त्यांनीं १९५५ पर्यंत जपली. आमच्या गांवचा सूर्यहि या बाबतींत मुंबईकरांच्याच पक्षाचा आहे. तो माथ्यावर येतो तोंवर घड्याळांत साधारणतः साडेबारा होऊन गेलेले असतात. श्राद्धाला सांगितलेला कुतपकाल म्हणजे दिवसाच्या पंधरा मुहूर्तांपैकीं आठवा, आणि त्याचा मध्य म्हणजेच हा माध्यान्ह. तेव्हां पिंडदान व्हावयाचें तें त्या सुमारास, ब्राह्मण जेवावयाचे ते त्यानंतर, यजमानांची मंडळी त्यानंतर; आणि घरच्या बायका कधीं, हें कोणत्याच पंचांगांत दिलेलें नसतें.

येथें होणाऱ्या विधींपैकीं त्रिपिंडी श्राद्ध एका दिवसांत आटोपतें, नारायणनागबळीला तीन दिवस लागतात. यजमान गुजराथेंतून येतात, कर्नाटकांतून येतात, आंध्रांतून येतात. रात्रीच्या गाडीनें नाशिकरोडला उतरून पहांटे दाराशीं उभे राहतात. विधि पुरा होईपर्यंत कर्त्यानें अन्न घ्यावयाचें नाहीं. पण त्याच्याबरोबर आलेलीं लहान मुलें आणि म्हातारीं माणसें आपापल्या वेळीं भुकेजतात, व त्यांना नाहीं म्हणतां येत नाहीं. म्हणजे एकाच घरांत एका बाजूला उपवास आणि दुसऱ्या बाजूला दर अर्ध्या तासानें कोणाचें तरी पान, असा देखावा असतो. घरांत आल्यावर पहिल्याच आठवड्यांत मीं एके दिवशीं मनाशीं हिशोब केला. सकाळीं साडेसहाला पेटलेली शेगडी दुपारीं साडेतीनपर्यंत विझली नव्हती, आणि सासूबाई अद्याप जेवल्या नव्हत्या.

सासूबाईंचा नेम असा कीं, उंबऱ्याच्या आंत एकहि माणूस उपाशी असेतोंपर्यंत आपण पान घ्यावयाचें नाहीं. त्यांच्या सासूबाईंनीं तो पाळिला, त्यांनीं पाळिला, आणि माझ्यावर त्यांनीं तो कधीं लादला नाहीं, हें त्यांच्या मोठेपणाला धरूनच झालें. "तूं दोन घांस खाऊन घे ग, मी बसतें तुझ्यासमोर," असें म्हणून त्या मला दीड वाजतां पाटावर बसवीत आणि स्वतः भाताचें पातेलें झांकून पुन्हां दाराकडे कान देत. येणारे यजमान त्यांना अन्नपूर्णा म्हणत. ही पदवी देणाराला फुकट पडते, म्हणूनच ती इतक्या उदारपणें दिली जाते, असें मला तेव्हांहि वाटे व आजहि वाटतें.

आमच्या क्षेत्राची कथा मुळांतच जेवणावळीची आहे. ब्रह्मगिरीवर गौतमऋषींचा आश्रम होता. दुष्काळ पडला तेव्हां वरुणाच्या प्रसादानें त्यांच्या आश्रमांत पाणी टिकलें. ते सकाळीं भात पेरीत, दुपारीं तो पिकून कापणीला येई, आणि त्याच अन्नावर आश्रयाला आलेल्या ऋषींचीं कुटुंबें पोसलीं जात. पुढें त्याच पाहुण्यांपैकीं कांहींनीं त्यांच्यावर गोहत्येचा आळ आणिला, आणि त्याच्या निवारणासाठीं त्यांनीं तप करून गंगा खालीं आणिली, तीच आमची गोदावरी. ही कथा मीं शेकडों वेळां ऐकिली आहे. ऐकतांना दरवेळीं माझें लक्ष त्या दुपारच्या भातावर अडखळतें. सकाळीं पेरलेलें दुपारीं कापलें, हा ऋषींच्या तपाचा प्रभाव खरा. पण कापल्यावर तें कांडलें कोणी, निवडलें कोणी, आणि इतक्या आश्रमवासीयांना एका वेळीं शिजवून वाढलें कोणी? अहल्येला कोणी विचारलें असतें, तर तिनें पंगतीची वेळ ठरवून मागितली असती, अशी माझी आपली समजूत आहे.

वेळ लांबण्याचें दुसरें कारण सोवळें. श्रावणांत आमच्याकडे पाऊस असा लागतो कीं, सोवळ्याचें वस्त्र दोन दोन दिवस वाळत नाहीं, आणि ओलेत्यानेंच चुलीपाशीं बसावें लागे. नाशिकजवळ जलालपूर येथें जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनीं 'स्मृतिचित्रे' या ग्रंथांत आपल्या वडिलांच्या सोवळ्याचें जें वर्णन केलें आहे, तें वाचून मुंबई-पुण्याचे वाचक पोट धरून हंसतात. आमच्या भागांतल्या बायका तें वाचतांना हंसतात, पण जरा कमी. ज्या घरांत प्रत्येक वस्तु धुतल्यावांचून आंत येत नाहीं, त्या घरांत जेवण दुपारीं होणार कीं सांजावतांना, हें त्यांना न सांगतां कळतें.

आणखी कांहीं दिवस असे असतात कीं त्या दिवशीं वेळेचें नांवच काढूं नये. तिसऱ्या श्रावणी सोमवारीं ब्रह्मगिरीच्या फेरीला लोक रात्रींच निघतात. चिखलानें माखलेले, भिजलेले, थंडीनें काकडलेले असे ते पहांटेपासून गांवांत परत येऊं लागतात. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या येतात, तेव्हां उपवासाचे पदार्थ आणि दुसऱ्या दिवशींचें पारणें यांच्यामध्यें घरांतल्या चुलीला झोंप नसते. २०१५ च्या सिंहस्थांत तर आम्ही जेवणाची वेळ असा शब्दच उच्चारला नाहीं. आणि आतां येणाऱ्या सिंहस्थांतहि तसेंच होईल. अशा दिवसांबद्दल माझी तक्रार नाहीं. दाराशीं भिजून आलेल्या माणसाला घड्याळ दाखविणें मला जमणार नाहीं. पण असे दिवस वर्षांतून मोजके. माझा प्रश्न उरलेल्या दिवसांचा आहे.

चार वर्षांपूर्वीं एके दुपारीं अडीचच्या सुमारास सासूबाईंना स्वयंपाकघरांत चक्कर आली. मधुमेह आधींपासून होता, सकाळच्या गोळ्या घेतलेल्या होत्या, आणि पोटांत सकाळच्या चहावांचून कांहीं नव्हतें. साखर एकदम उतरली होती. थोरल्या जाऊबाईंनीं गुळाचा खडा त्यांच्या तोंडांत घातला म्हणून निभावलें. डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें कीं, ही गोळी घेणाऱ्या माणसाला जेवण टाळतां येणार नाहीं. जेवण नेमावयाचें नसेल तर औषधहि नेमतां येणार नाहीं.

त्या रात्रीं घरांत जो वाद झाला तो सगळा येथें सांगण्यासारखा नाहीं. सासूबाईंचा हट्ट होता कीं, यजमानांच्या आधीं आपण जेवणार नाहीं. मामंजी बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग ते उठून आंत गेले आणि मनुस्मृतीची जुनी प्रत घेऊन आले. तिसऱ्या अध्यायांत असें सांगितलें आहे कीं, नव्या सुना, कुमारिका, रोगी आणि गर्भिणी यांना कसलाहि विचार न करितां अतिथींच्याहि आधीं जेवूं घालावें. मामंजींनीं तें वाचून दाखविलें आणि म्हणाले, "हें मीं पन्नास वर्षें शिकविलें, आणि घरांत आज वाचतों आहें." त्यापुढेंच दोन श्लोकांवर आणखी एक गोष्ट आहे, ती मीं दुसऱ्या दिवशीं स्वतः पाहून घेतली. अतिथि, आप्त आणि सेवक जेवल्यावर उरलेलें अन्न पतिपत्नींनीं खावें, असें तेथें आहे. पतिपत्नींनीं, दोघांनीं! आमच्या घरांतून परंपरेनें त्यांतला अर्धाच भाग चालू राहिला, आणि कोणता अर्धा, हें वाचकांना सांगावयास नको.

तेव्हांपासून आमच्याकडे दोन पंगती आहेत. बारा वाजतां नैवेद्य होतो, सव्वाबाराला मुलें, वृद्ध आणि औषधपाणी असणारीं माणसें बसतात. त्यांत सासूबाईंचें पान पहिलें. दुसरी पंगत यजमान उठतील तेव्हां. दोन वाजल्यानंतर जो कोणी येईल त्यानें झांकलेलें अन्न आपल्या हातानें वाढून घ्यावयाचें आणि ताट आपण विसळावयाचें. हा शेवटचा नियम अमलांत आला त्या दिवसापासून, आश्चर्य असें कीं, घरांतल्या पुरुषांचीं कामें बरोबर दोनच्या आंत आटपूं लागलीं. गांवांत थोडी कुजबूज झाली. यजमानांपैकीं कोणीहि, मला आठवतें तोंवर, नाराज झालेले नाहींत. घरच्या वृद्ध बाईला आधीं जेवूं घालणारें घर त्यांनाहि आपलेंसें वाटतें.

अशी सर्व घडी बसलेली असतां यंदा तो कागद आला. मामंजींचें सहस्रचंद्रदर्शन झालें, आणि माझ्या धाकट्या दिरांनीं ठरविलें कीं, या निमित्तानें घरांतल्या नऊ माणसांनीं मुंबईहून निघणाऱ्या प्रवासी जहाजानें समुद्रावर चार रात्रीं घालवावयाच्या. मामंजींच्या आजोबांच्या काळीं समुद्र ओलांडला तर प्रायश्चित्त घ्यावें लागे. मामंजींनीं फक्त एवढेंच विचारलें कीं, कांदालसणाविना जेवण मिळेल ना? मिळतें असें समजल्यावर त्यांची हरकत संपली. मग पुतण्यानें नोंदणीचा अर्ज वाचावयास घेतला, आणि त्यांत प्रश्न होता, रात्रीचें जेवण ठरलेल्या वेळीं हवें कीं सोयीनें?

हा प्रकार आम्हांला नवीन, म्हणून पुतण्यानें तो समजावून दिला. मोठ्या प्रवासी जहाजांवर माणसें हजारोंनीं असतात आणि मुख्य भोजनगृहांत तीं सगळीं एका वेळीं मावत नाहींत. म्हणून तेथेंहि आमच्यासारख्याच दोन पंगती: पहिली बहुधा सहाच्या सुमारास, दुसरी सवाआठच्या सुमारास. ज्यानें जी पंगत घेतली, त्याला सर्व प्रवासभर तेंच टेबल, तेच शेजारी आणि वाढणाराहि तोच. दुसऱ्या दिवशीं त्याला न सांगतां ठाऊक असतें कीं, या आजींना साखर नको आणि त्या मुलाला तिखट चालत नाहीं. करमणुकीचे खेळहि याच दोन पंगतींना धरून बांधलेले असतात. एक गट जेवतो तेव्हां दुसरा खेळ पाहतो. ही जुनी रीत. दुसरी रीत अलीकडची. २००० सालीं नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीनें ती मोठ्या प्रमाणावर चालू केली व मग इतरांनीं उचलली. तींत दोन-चार तासांच्या अवधींत केव्हांहि जावें, जेथें जागा असेल तेथें बसावें. गर्दी असेल तर ताटकळावें, आणि रोज नवा वाढणारा असल्यामुळें रोज नव्यानें सांगावें कीं, आजींना साखर नको.

मुलें एका आवाजांत म्हणालीं, सोयीनें. समुद्रावर जाऊनहि घंटेला धांवावयाचें तर घरीं काय वाईट होतें? आमचे हे वैद्यकाचे थोडें वाचलेले. त्यांनीं चरकाचा आधार दिला कीं, पहिलें अन्न पचल्यावरच दुसरें घ्यावें, म्हणजे भूक हीच खरी वेळ. मामंजींनीं लगेच उत्तर केलें कीं, त्याच विमानस्थानांत आहाराच्या आठ गोष्टींत काळहि मोजला आहे, तो विसरूं नका. त्यांचा कौल ठरलेल्या वेळेला, आणि तोहि पहिल्या पंगतीला.

मीं मामंजींची बाजू घेतली. माझें म्हणणें असें होतें, आणि अजूनहि आहे, कीं ठरलेली वेळ जेवणाराला थोडी बांधते पण रांधणाराला सोडविते. आणि सोयीची वेळ जेवणाराला मोकळें करिते ती रांधणाराच्या जिवावर. जहाजावर वाढणारे लोक पगारी असतात हें खरें. तरी कोणीतरी आपलें टेबल मांडून साडेनऊपर्यंत उभा राहतो, आणि तोहि कोणाचा तरी मुलगा घर सोडून आलेला असतो. पुतण्या म्हणाला, "काकू, तिथं त्यांच्या पाळ्या ठरलेल्या असतात. ते आजीसारखे दिवसभर उभे नसतात." हें बोलणें मला नाकारतां आलें नाहीं. जेथें वाढणाराची पाळी बदलते तेथें जेवणाराला मोकळीक देणें परवडतें. आमच्या घरांत पाळी बदलणारें कोणी नव्हतें, एवढाच तो फरक. शिवाय मधुमेहाच्या माणसाला ठरलेली पंगत बरी, वाढणाराला पथ्य एकदांच सांगावें लागतें, असेंहि मीं म्हणालें. इतकें बोलून झाल्यावर आमच्या लक्षांत आलें कीं, जिच्या पथ्यासाठीं हें चाललें आहे तिला कोणी विचारलेंच नाहीं.

सासूबाई वाती वळीत बसल्या होत्या. मान वर न करितां म्हणाल्या, "मला सोयीनें हवें."

मामंजी चकित झाले. "अहो, तुम्हांला तर वेळेवर जेवणें औषधासारखें आहे."

"आहे ना. चार वर्षें जेवतेंच आहें सव्वाबाराला," त्या म्हणाल्या. "आधीं पन्नास वर्षें यजमान उठले म्हणून जेवलें. आतां घड्याळ म्हणतें म्हणून जेवतें. भूक लागली म्हणून जेवलें असें मला माहेर सुटल्यापासून आठवत नाहीं. चार रात्रीं तेवढें पाहूं द्या."

कोणीच कांहीं बोललें नाहीं. माझा मुद्दा खोटा ठरला नव्हता. पण मी तो रांधणाऱ्या बाईच्या वतीनें मांडीत होतें, आणि रांधणारी बाई समोर बसून निराळेंच मागत होती. दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें डॉक्टरांना दूरध्वनि केला. त्यांनीं औषधांचा कागद पाहून सांगितलें कीं, दुपारचें जेवण आणि संध्याकाळचें थोडें खाणें चुकवूं नये, रात्रीची गोळी ताट समोर आल्यावर घ्यावी, आणि जेवण साडेआठच्या पुढें जाऊं देऊं नये. एवढें सांभाळलें तर त्यांना हरकत दिसत नाहीं. मग अर्जावर सोयीच्या वेळेची खूण झाली. मामंजींनीं आपल्यापुरतें ठरविलें आहे कीं, सायंसंध्या आटोपून सात वाजतां भोजनगृहाच्या दाराशीं जाऊन बसावयाचें, मग बरोबर कोणी येवो न येवो; थोरल्या जाऊबाईंनीं वाढणाराला रोज सांगावयासाठीं पथ्याचा कागद इंग्रजींत लिहवून घेतला आहे.

जहाज मार्गशीर्षांत निघावयाचें आहे. काल तिकिटें आलीं तेव्हां सासूबाईंनीं पुतण्याला जेवणाचा अवधि पुन्हां एकदां वाचावयास लाविला. साडेसहा ते साडेनऊ, आणि डॉक्टरांचे साडेआठ. त्यांनीं तें बोटांवर मोजून घेतलें आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मग साडेसहापासून साडेआठपर्यंत मला कोणी जेवायला हांक मारूं नका."